रेडिएटरमधला नवरा

गुरुवार, १२ फेब्रुवारी १९५९. संध्याकाळचे पावणेपाच वाजले होते. लिमवालू या फ्रेंच बोलणाऱ्या वस्तीतल्या एका तिमजली घराच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यावर एकोणतीस माणसं उभी होती. लोरेट पँशोने ती मोजली, कारण तिला त्या सगळ्यांना ओलांडून वर जायचं होतं.

जिना गोल वळणाचा, पायऱ्यांवर घट्ट झालेला बर्फ. बायकांच्या हातात जपमाळा होत्या, कोणाकडे मेणबत्त्या, एकीकडे मुरंब्याची बरणी. थंडीने सगळ्यांची नाकं लाल झाली होती, पण कोणी जागा सोडायला तयार नव्हतं.

"ओ नर्सबाई, रांगेतून या!"

"मी इंजेक्शन द्यायला आलेय."

"आत्म्याला कसलं इंजेक्शन?"

"आत्म्याला नाही, त्याच्या बायकोला. सरका."

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एल्मिर झिन्याक यांचा नवरा ओव्हिला अकरा महिन्यांपूर्वी वारला होता. आयुष्यभर त्याने शाळांच्या तळघरांतल्या भट्ट्या आणि वर्गांतले, गरम पाण्याने खोली तापवणारे रेडिएटर सांभाळले. आता तो मागच्या झोपायच्या खोलीतल्या रेडिएटरमध्ये राहतो, असं जिन्यावरच्या एकोणतीस माणसांचं ठाम मत होतं.

लोरेट खोलीत शिरली तेव्हा पुढच्या मानाच्या जागेवर पहिल्या मजल्यावरच्या मादाम बेदार गुडघे टेकून बसल्या होत्या. खिडकीखाली तो रेडिएटर: ओतीव लोखंडाचा, कमरेएवढा उंच, चंदेरी रंगाचा, भोवती मेणबत्त्या. पलंगावर चार घोंगड्यांखाली मादाम झिन्याक. आणि मधोमध ब्रदर फुल्जांस. कुठल्याही मठाने त्याला ब्रदर केलेलं नव्हतं, पण हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. अंगात तपकिरी झगा, कमरेला दोरी, आणि गळ्यात लाल फितीत ओवलेली एक छोटी पितळी किल्ली.

"ही किल्ली कोणाची?" त्याने विचारलं.

"सेंट पीटरची," बायका एका सुरात म्हणाल्या.

"कुठल्या दाराची?"

"स्वर्गाच्या!"

"ओव्हिला, बाबा, आलास का?" फुल्जांसने रेडिएटरला विचारलं.

शांतता. मग लोखंडातून आवाज आला. टक. टक टक.

"आला! घड्याळ बघा. पाच वाजून दहा मिनिटं. आई, हा कामावरून किती वाजता यायचा?"

"पाच दहालाच," पलंगावरून खोल गेलेला आवाज आला.

"ओव्हिला, यातना होतात का रे?" टक टक टक टक. "होतात म्हणतोय, पण सोसतोय. आईची आठवण येते?" टक. "एकदाच वाजलं. गळा दाटून आलाय त्याचा."

लोरेटच्या लक्षात आलं की एक टकटक असो की चार, चुकीचं उत्तर एकही नव्हतं.

मग मेणबत्त्या विझल्या. एकच उरली, ती फुल्जांसच्या उजव्या हातात. त्याने डाव्या हाताने किल्ली रेडिएटरच्या वरच्या टोकाला असलेल्या छोट्या पितळी तोटीला लावली आणि किंचित फिरवली. फिस्स असा आवाज आला. त्याने मेणबत्ती जवळ नेली, आणि लोखंडाच्या टोकावर बोटभर निळसर ज्योत उभी राहिली. कोणीतरी हुंदका दिला. मादाम बेदार यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. लोरेटच्या मनगटावरच्या घड्याळात अकरा सेकंद झाले तेव्हा फुल्जांसने किल्ली उलटी फिरवली आणि ज्योत गेली.

"आत्मा जिवंत आहे!" तो ओरडला. "पण अजून शुद्ध झालेला नाही. बघा!" त्याने खाकरून रेडिएटरच्या तळाचा नळ सोडला आणि काचेच्या पेल्यात पाणी घेतलं. पाणी शाईसारखं काळं होतं. "हे पाप. एका माणसाच्या सत्तर वर्षांचं. रोज एक पेला काढतोय मी, माझ्या या हातांनी!"

लोरेट मात्र त्याचे हातच बघत होती. किल्ली लावण्याआधी त्याने कमरेच्या दोरीतून एक करडं फडकं काढलं होतं, चार घड्या केलेलं, आणि न बघता बरोबर तोटीखाली खोचलं होतं. संताला फडकं कशाला लागतं? पाणी उडेल हे आधीपासून ठाऊक असलेल्या माणसाला लागतं.

*

गर्दी उतरल्यावर लोरेटने तापमापकाची काचनळी म्हातारीच्या तोंडात धरली. ताप एकशे दोन पूर्णांक चार. दुसरा तापमापक तिने मुद्दाम आणला होता, भिंतीवर लावायचा. खोलीत अठ्ठेचाळीस अंश फॅरनहाइट. खिडकीशी ठेवलेल्या बशीतलं लोणी दगड झालं होतं. रेडिएटरला तिने हात लावला: तळाला कोमट, अर्ध्यापासून वर थंडगार.

डॉक्टर बुधवारी येऊन गेले होते. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी घरघर होती. त्यांनी साफ सांगितलं होतं, हॉस्पिटल नाही तर उबदार खोली, दोन दिवसांच्या आत. नाहीतर या इंजेक्शनांचा उपयोग नाही.

"मादाम, उद्या दुसरा दिवस."

"मी त्यांना इथे एकटं सोडून हॉस्पिटलात जाऊ?" एल्मिर म्हणाल्या. "शेहेचाळीस वर्षांत त्यांनी मला एका रात्रीसाठी एकटं सोडलं नाही."

"बरं, निदान पुढच्या खोलीत चला. तिथे ऊब आहे."

"तिथे ब्रदर असतात. रात्रभर जागून प्रार्थना करतात बिचारे."

"मग हा रेडिएटर दुरुस्त करून घेऊ. माणूस बोलावते."

म्हातारी ताडकन उठून बसली, आणि लगेच खोकल्याने दुमडली. "हात लावायचा नाही! ब्रदरनी बजावलंय. आतला सगळा श्वास एकदम सोडला की ते शुद्ध व्हायच्या आधीच सुटतात आणि थेट खाली जातात. ईस्टरपर्यंत थोडं थोडंच सोडायचं."

"ईस्टरला सहा आठवडे आहेत."

"मला मोजता येतं. आणि हे काही ब्रदरांच्या मनातलं नाही. आमच्या यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ती चिठ्ठी वाचा."

तोटीला सुतळीने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर जाड पेन्सिलीने, मोठ्या नीट अक्षरात लिहिलं होतं: 'झोपायची खोली. पुर्ज.'

"पुर्ज," लोरेटने वाचलं.

"पुर्गातुआर!" एल्मिर म्हणाल्या. स्वर्ग आणि नरक यांच्या मधली, आत्मा तापून शुद्ध होण्याची ती जागा. "जायच्या आधी तीन आठवडे बांधलीय ती चिठ्ठी. त्यांना कळलं होतं, नर्सबाई, आपण कुठे जाणार ते. मला पत्ता देऊन गेले."

लोरेटने चिठ्ठी उलटून बघितली. अक्षर खरंच ओव्हिलाचं होतं.

पुढच्या खोलीचं दार उघडताच उबेने तिच्या चष्म्यावर वाफ धरली. फुल्जांस ओव्हिलाच्या आरामखुर्चीत बसून वाटाण्याचं सूप पीत होता. मोजे रेडिएटरवर वाळत होते, आणि ते वरच्या टोकालाच वाळत होते.

"ब्रदर, ही खोली छान तापलीय."

"देवाची कृपा."

"देवाची कृपा भिंतीपलीकडे का जात नाही? तिथे बाई मरायला टेकलीय."

"मुली," तो चमचा चाटत म्हणाला, "तू शरीराचं बघ. मी आत्म्याचं बघतो. प्रत्येकाने आपलं खातं सांभाळावं."

"शरीर गेलं तर?"

"तर दोघं एकत्र येतील. यात वाईट काय आहे?"

हे तो अगदी सहज बोलला. लोरेट बॅग उचलून बाहेर पडली. तिने दार लावून घेतलं, नाहीतर ती बॅग तिने त्याच्या डोक्यात घातली असती.

*

घराला एकच भट्टी होती, तळघरात. तिथे तापलेलं पाणी नळ्यांतून तिन्ही मजल्यांच्या रेडिएटरांत फिरत असे. लोरेट खाली गेली तेव्हा मादाम बेदार यांचे यजमान रोझेर फावड्याने कोळसा सारत होते. बुटांच्या कारखान्यातला माणूस, कमी बोलणारा.

"तुम्ही भट्टी कधी वाढवता?"

"कामावरून आलो की. पाचला. दिवसा मी घरात नसतो, भट्टी मंदच असते."

"पाच म्हणजे पाच?"

"कारखान्याचा भोंगा साडेचारला. पाचला मी या झडपेला हात लावतो. सोळा वर्षं झाली."

"आणि मग नळ्या वाजतात?"

"दहा मिनिटांनी. गरम पाणी वर चढतं, नळी फुगते आणि जमिनीच्या फळीला घासते. टकटक करते." त्यांनी वर बघितलं. आवाज हळू केला. "माझ्या बायकोला सांगू नका हो. ती रोज वर जाऊन रडून येते. परत आली की माझ्याशी गोड वागते."

"मस्यो बेदार, उद्या झडप अर्धा तास उशिरा उघडाल?"

"घर थंड पडेल. बायको मला मारेल."

"एक दिवस मार खा. वरची बाई मरतेय."

रोझेरनी फावडं भिंतीला टेकवलं. "साडेपाच," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी लोरेट तिसऱ्या अव्हेन्यूवरच्या तेलेस्फोरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. "गळ्यात घालायची नाही, रेडिएटरची पितळी किल्ली हवी," असं तिने सांगितल्यावर तेलेस्फोरने काउंटरखालून तंबाखूचा एक जुना डबा काढून तिच्यापुढे उपडा केला. स्वर्गाच्या दाराच्या साठ-सत्तर किल्ल्या खळखळत बाहेर पडल्या.

"पंधरा सेंटला एक," तेलेस्फोर म्हणाला. "कशाला हवीय?"

लोरेटने ज्योतीचं आणि पापाच्या पेल्याचं सांगितलं. तो हसला नाही. उलट चिडला.

"ओव्हिला नव्या मिस्त्रींना हेच शिकवायचा! रेडिएटरच्या वरच्या भागात काहीतरी साठलंय, म्हणून पाणी पोहोचत नाही आणि तो थंड पडतो. साठलंय ते काय, हे बघायला काडी लावायची. नुसती हवा असेल तर पेटत नाही. पेटलं तर समजायचं की पाणी आतून लोखंड खातंय आणि त्याचा वायू होतोय. काळं पाणी येतं ना? ते खाल्लेलं लोखंड."

"हायड्रोजन," लोरेट म्हणाली. नर्सिंगच्या शाळेत परीक्षानळीच्या तोंडाशी काडी नेल्यावर निघालेला तो 'फट्' आवाज तिला आठवला.

"नाव तुम्हाला माहीत. आम्ही त्याला घाण म्हणतो. आणि मजला जेवढा वरचा तेवढी ती जास्त जमते. म्हणून तिसऱ्या मजल्यावर दर ऑक्टोबरला सोडावी लागते, कधी मध्येही. मागच्या ऑक्टोबरला कोण सोडणार होतं? ओव्हिला तर गेला." तो थांबला. "तुमचा हा ब्रदर, डाव्या हाताने किल्ली फिरवतो?"

"हो."

"मग तो फुल्जांस. नदीपलीकडे लेव्हीला एका भट्टी दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली हत्यारं वाहायचा, दोन हिवाळे. नंतर हाकलला त्याला. गिऱ्हाइकांच्या स्वयंपाकघरात खाताना सापडायचा."

"आणखी एक. 'पुर्ज' म्हणजे काय?"

"पुर्जे. साठलेलं सोडून देणे. पुस्तकी फ्रेंच शब्द. ओव्हिला वहीत तसाच लिहायचा, दर वर्षी माझ्याकडूनच वही घ्यायचा." तेलेस्फोरने घोड्याच्या नालाच्या आकाराचा एक लोहचुंबकही तिच्या हातात ठेवला. "हे त्या पापाच्या पेल्यासाठी. परत आणून द्या."

*

शुक्रवारी जिन्यावर चाळीस माणसं होती. लोरेटने पाच वाजता मादाम बेदार यांच्या हातात एक बंद लिफाफा दिला.

"पहिली टकटक झाली की फोडा. आधी नाही."

"प्रार्थना आहे का?"

"तसंच काहीतरी."

पाच दहा झाले. "ओव्हिला, बाबा, आलास का?" फुल्जांसने विचारलं.

रेडिएटर गप्प.

"ओव्हिला?"

पाच वीस. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. फुल्जांसने झग्याच्या बाहीने मान पुसली. त्या खोलीत, अठ्ठेचाळीस अंशांत, त्याला घाम आला होता.

"इथे कोणीतरी अविश्वासी आहे," तो म्हणाला. "म्हणून तो येत नाही."

"मी आहे," लोरेट म्हणाली. "पण मी कालही होते. काल कसा आला?"

"काल तू आत्ताएवढी नव्हतीस!"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. पाच चाळीसला लोखंड वाजलं. टक टक. टक. मादाम बेदार यांनी घाईघाईने लिफाफा फाडला आणि मोठ्याने वाचलं: "आज ओव्हिला पाच चाळीसला येईल, कारण आज रोझेर बेदार भट्टीची झडप साडेपाचला उघडणार आहेत." त्यांनी कागद उलटा करून बघितला. "माझ्या नवऱ्याचं नाव यात काय करतंय?"

लोरेटने नळीचं आणि फळीचं सांगितलं. क्षणभर वाटलं, संपलं. पण फुल्जांस कसलेला होता.

"मग?" तो हात पसरून म्हणाला. "आत्म्याला यायला नळी लागते, नर्सबाई. तुम्हाला नाही का जिना लागत?"

बायकांनी माना डोलावल्या. ते त्यांना पटलं.

लोरेटने खिशातून किल्ली काढली. "सेंट पीटरची दुसरी किल्ली. तेलेस्फोरच्या दुकानात डबाभर आहेत. चला माझ्याबरोबर न्हाणीघरात."

दाटीवाटीने सगळ्या न्हाणीघराच्या दारात जमल्या. तिथला रेडिएटरही वर्षभर कोणी बघितला नव्हता. लोरेटने किल्ली फिरवली, काडी ओढली, आणि शौचकूपाच्या शेजारी तीच निळसर ज्योत उभी राहिली.

"ओव्हिला तर पलीकडच्या खोलीत आहे," ती म्हणाली. "मग इथे कोण?"

गर्दी विचारात पडली. मग एक बाई गंभीरपणे म्हणाली, "पन्नास साली त्यांचा भाऊ वारला होता."

"हो की! आल्फेद!" दुसरी म्हणाली. "तो न्हाणीत बराच वेळ बसायचा!"

त्या क्षणी लोरेटला पहिल्यांदा वाटलं की आपण हरलो. दोन दिवस धावून तिने एका भुताची दोन भुतं केली होती.

"आता शेवटचं," ती थकून म्हणाली. "पुढची खोली."

"तिथे नाही!" फुल्जांस एकदम आडवा आला. "ती माझी प्रार्थनेची जागा आहे."

त्याने अडवलं नसतं तर कदाचित अर्ध्या बायका तिथूनच घरी गेल्या असत्या. आता सगळ्यांना आत जायचं होतं. लोरेटने पुढच्या रेडिएटरला किल्ली लावली. फिस्स झालं नाही. वायू नाही, ज्योत नाही. तोटीतून लगेच स्वच्छ गरम पाण्याची पिचकारी उडाली.

"बघा. तोच मजला, तीच भट्टी, तेच पाणी. मग इथे वायू का नाही? कारण कोणीतरी किल्ली लावून पूर्ण सोडलाय. घरात किल्ली एकाच्याच गळ्यात आहे. कसं दुरुस्त करायचं ते याला माहीत होतं. स्वतःच्या खोलीत याने केलं. आजारी बाईच्या खोलीत नाही."

पुरावा यापेक्षा सरळ असू शकत नाही. पण तो कोणी ऐकतच नव्हतं. मादाम बेदार यांचं लक्ष रेडिएटरच्या माथ्यावर गरम राहायला ठेवलेल्या झाकलेल्या ताटलीकडे गेलं होतं. त्यांनी नाक पुढे केलं. मग झाकण उचललं.

"ही पाइ आहे, आत सारण भरलेली."

"बटाट्याची," फुल्जांस म्हणाला.

मादाम बेदार यांनी बोट खुपसलं आणि चाखलं. "डुकराच्या मांसाची! आज शुक्रवार, मांस वर्ज्य. ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू होऊन तीन दिवस नाही झाले. आणि हा मेला मांस खातोय!"

जे तीन रेडिएटरांनी झालं नाही, ते एका ताटलीने झालं. खोलीत एकच गदारोळ उठला. "आम्ही घरी मीठ लावलेला मासा गिळतोय आणि याला पाइ!" "माझा मुरंबा परत दे!" "ब्रदर म्हणे!" कोणीतरी फुल्जांसच्या गळ्यातली फीत ओढली. तो झगा सावरत, एका पायात मोजा आणि एका पायात काहीच नाही, अशा अवस्थेत जिना उतरला. गर्दी त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेली. जाताना त्याने ओव्हिलाचा ओव्हरकोट नेला, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

*

मागच्या खोलीत एल्मिर झिन्याक एकट्याच पडल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"गेला?"

"गेला."

"मांस खायचा मला माहीत होतं. अंथरूण धरेपर्यंत मीच करून द्यायचे." त्या खोकल्या, बराच वेळ. "त्याचं सोडा. तो लबाड असेल. पण लबाड माणसाच्या हातूनही देव काम करून घेतो. चिठ्ठी तर यांचीच आहे ना? रेडिएटरला हात लावू देणार नाही मी."

लोरेटने पलंगाजवळचा काळ्या पाण्याचा पेला उचलला. गाळ तळाशी बसला होता. तिने काचेला बाहेरून चुंबक लावला आणि हळूहळू वर सरकवला. काळा गाळ शेपटीसारखा काचेच्या आतून चढत आला.

"पाप चुंबकाला चिकटत नाही, मादाम. लोखंड चिकटतं."

म्हातारी बघत राहिली.

"त्यांची वही कुठे आहे? कामाची."

"पलंगाखाली. हत्यारांच्या पेटीत. त्यांच्यामागे मी ती उघडली नाही."

लोरेटने पेटी ओढली. वर एकोणीस-वीस वह्यांचा गठ्ठा होता. तिने वाचून दाखवलं नाही. म्हातारीचा चष्मा पुसून तिच्या नाकावर ठेवला आणि एक वही तिच्या हातात दिली.

"'ऑक्टोबर १९४१,'" एल्मिर वाचू लागल्या. "'पुढची खोली, पुर्ज. स्वयंपाकघर, पुर्ज. न्हाणी, पुर्ज. झोपायची खोली, दोनदा पुर्ज.'" त्यांनी पान उलटलं. "'ऑक्टोबर १९४२. शाळेचं वाचनालय, पुर्ज. मुख्याध्यापकांची खोली, पुर्ज...'" त्या थांबल्या. "मुख्याध्यापक तर अजून जिवंत आहेत."

"पुर्ज म्हणजे साठलेली घाण सोडली, किंवा सोडायची आहे."

"असं कसं? ते हे काम घरात दर वर्षी करायचे. मला सांगून करायचे. 'एल्मिर, रेडिएटर ब्लीड करतो,' म्हणायचे. पुर्ज कधी म्हणाले नाहीत."

"त्यांचा फोरमन कोण होता?"

"एक इंग्रज. सगळे हत्यारांना, कामाला इंग्रजीच..." आणि त्यांचं वाक्य तिथेच राहिलं.

तोंडात फोरमनचा इंग्रजी शब्द, वहीत शाळेतला फ्रेंच. शेहेचाळीस वर्षं ज्या बाईने नवऱ्याचं बोलणं ऐकलं, तिने त्याचं लिहिलेलं कधी वाचलं नव्हतं. फुल्जांसला एवढीच फट पुरली.

"म्हणजे ते यात नाहीत," एल्मिर म्हणाल्या.

इथे खोटं बोलणं सोपं होतं. लोरेट बोलली नाही. "ते कुठे आहेत, मला माहीत नाही. मी नर्स आहे. पण या लोखंडात जे कोंडलंय, ते त्यांनी वीस वर्षं दर ऑक्टोबरला तुमच्यादेखत खिडकीबाहेर घालवलं. या वेळी घालवायला ते उरले नाहीत, म्हणून आठवणीसाठी चिठ्ठी बांधून गेले. आणि आपण त्या घाणीलाच मेणबत्त्या लावल्या."

खाली रस्त्यावर अजून आरडाओरड चालली होती. एल्मिर झिन्याक यांनी घोंगड्या बाजूला केल्या.

"किल्ली द्या."

लोरेटने मेणबत्त्या विझवल्या, खिडकी बोटभर उघडली आणि म्हातारीला दंडाला धरून उभं केलं. एल्मिर यांनी तोटीखाली रिकामा पेला धरला आणि किल्ली फिरवली. फिस्स आवाज सुरू झाला, आणि चालूच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता, पण हात हलला नाही. मग तोटी थुंकल्यासारखी करू लागली, आणि गढूळ पाण्याची धार आली.

"पाणी आलं की बंद," त्या स्वतःशी म्हणाल्या आणि किल्ली उलटी फिरवली. "असंच करायचे ते."

वीस मिनिटांत रेडिएटर वरपर्यंत गरम झाला. रात्री नऊला खोलीत सदुसष्ट अंश होते. ताप उतरायला पाच दिवस लागले. डॉक्टरांनी सगळं श्रेय इंजेक्शनांना दिलं.

फुल्जांसला त्यानंतर त्या गल्लीत कोणी पाहिलं नाही. मादाम बेदार आजही सांगतात की तो उपवास मोडल्यामुळे पकडला गेला, आणि इथेच खरी काळजी आहे. कारण पुढच्या वेळी येणारा शुक्रवारी मासाच खाईल. तो झगा धुतलेला घालेल, प्रार्थना पाठ म्हणेल, आणि तुमच्या घरातली एखादी खोली थंड ठेवून शेजारच्या उबदार खोलीत झोपेल. त्याची ताटली तपासून काही कळणार नाही. त्याने दाखवलेला चमत्कार तपासावा लागेल: किती वाजता होतो, कशाने होतो, दुसऱ्याच्या हातून होतो का. ज्याच्या घरी रेडिएटर ठोके देतो त्याने आधी तळघरात जाऊन यावं. देवळात नंतरही जाता येतं.

लोरेट शेवटचं इंजेक्शन द्यायला गेली तेव्हा तोटीवरची चिठ्ठी नव्हती. किल्ली खिडकीच्या चौकटीला, ओव्हिलाच्या जुन्या खिळ्यावर लटकत होती. टेबलावर शेवटची वही उघडी होती. ओव्हिलाच्या मोठ्या, नीट अक्षरांच्या खाली दुसऱ्या कोणाचं तरी थरथरतं अक्षर होतं:

'१३ फेब्रुवारी १९५९. झोपायची खोली. पुर्ज. एल्मिर.'